पार्किंगमधलं पाणी उपसायचा पेट्रोलवरचा पंप दहा मिनिटांत पाणी ओढायचा थांबतो, काय करावं?

खालचा_मजला | मंगळवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी सीबीडी-बेलापूरला, खाडीकडच्या सखल सेक्टरात. रस्त्यापेक्षा अर्धा मजला खोल पार्किंग आणि त्याच्याच कोपऱ्यात पंपरूम. ज्याने कोणी हा नकाशा काढला त्याला एकदा जुलैत राहायला बोलवायचंय.

दोन वर्षांपूर्वी कमिटीने पेट्रोल इंजिनावर चालणारा, दोन इंची पाइपचा पंप घेतला. गेल्या पावसात एकदा वापरला, मग पंपरूममध्ये पडून होता. काल, गटारीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी ११ च्या सुमाराला पार्किंगमध्ये घोट्यापर्यंत पाणी आलं म्हणून बाहेर काढला. वीस-पंचवीस वेळा दोरी ओढली, स्पार्क प्लग पुसला, तेव्हा कुठे चालू झाला. दहा मिनिटं धो धो पाणी फेकलं, मग नुसता आवाज. बंद केला, वरच्या बुचातून पाणी भरलं, परत चालू केला. परत दहा मिनिटं, परत तेच. त्यात १२ नंतर आम्ही गटारात टाकलेलं पाणी उताराने पुन्हा आत यायला लागलं. म्हणजे पेट्रोल जाळून तेच पाणी गोल फिरवत होतो.

वरून पाऊस इतका होता की वॉचमनने पंप उचलून रॅम्पच्या आत, स्लॅबखाली आणून ठेवला होता. अर्ध्या तासाने म्हणाला डोकं जड झालंय, मग उलटी. श्रावणी सोमवारचा उपास होता त्याचा, म्हणून आम्ही चहा-केळं दिलं, वर जाऊन बस म्हटलं.

दुकानदार म्हणतो दोन इंची पुरत नाही, तीन इंची घ्या. खरंच घ्यावा का?

---

गॅरेज_घणसोली | मंगळवार, रात्री १०:१५

पंपाचं नंतर बघू. वॉचमन आता कसा आहे?

तो उपास नव्हता दादा. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना वास ना रंग. डोकं जड होणं, मळमळ, चक्कर ही त्याची पहिली खूण. छपराखाली, तीन बाजूंनी भिंती असलेल्या जागेत पेट्रोल इंजिन अर्धा तास चालवलं की हेच होतं, रॅम्पचं तोंड उघडं असलं तरी. अजून डोकं दुखत असेल तर आत्ता डॉक्टरकडे न्या आणि इंजिनाच्या धुरात होता हे आवर्जून सांगा. नाही सांगितलं तर डॉक्टरही उपासच धरून चालतील.

---

खालचा_मजला | मंगळवार, रात्री १०:४०

आत्ता खाली जाऊन विचारलं. काल संध्याकाळपर्यंत डोकं दुखत होतं, आज बरा आहे. तरी उद्या सकाळी दवाखान्यात नेतोय. खरं सांगतो, हे डोक्यातच आलं नाही. आम्ही सहा जण शिकलेले तिथे उभे होतो.

---

मूळगाव_मुरबाड | मंगळवार, रात्री ११:०५

शिकण्याचा संबंध नाही त्यात. आमच्याकडे पूर्वी विहिरीचं पाणी खोल गेलं की डिझेल इंजिन दोरांनी खाली टप्प्यावर उतरवायचे. का, तर पंप पाण्याच्या जवळ गेला की पाणी चांगलं उचलतो. माझ्या चुलत्यांनी असंच उतरवलं होतं. इंजिन बंद करायला गडी खाली गेला तो पायरीवरच बसला, हाक मारली तरी वर बघेना. त्याला बघायला दुसरा निघाला, तेव्हा आजीने त्याच्या सदऱ्याला धरून मागे ओढलं आणि आधी कंबरेला दोर बांधायला लावला. दोर होता म्हणून दोघंही वर आले. आजी शाळेत गेलेली नव्हती.

आणि जुनी माणसं आधी कंदील सोडून बघायची, तो विझला तर उतरायचं नाही. त्या युक्तीवर विसंबू नका. कंदील विझतो तो हवेतला प्राणवायू कमी झाल्यावर. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणूस आडवा करेल एवढा साचला तरी कंदील मजेत जळत राहतो. पेट्रोलची वाफ साचली असेल तर मग कंदीलच काम तमाम करतो.

---

गॅरेज_घणसोली | मंगळवार, रात्री ११:३०

मुरबाडकरांनी बरोबर सांगितलं. पंप पाण्याजवळ न्यायची ओढ सगळ्यांनाच असते. पण पंप बाहेर उघड्यावर ठेवायचा आणि पाइप आत सोडायचा. दारं-खिडक्यांपासून २० फूट तरी लांब, आणि धुराचं तोंड इमारतीकडे नको. पहिल्या मजल्यावरच्या बेडरूमची खिडकी त्याच बाजूला असते हे लोक विसरतात. पावसाचं भय असेल तर चार बांबू आणि वर उंच ताडपत्री, चारही बाजू मोकळ्या. ताडपत्री सायलेन्सरला टेकेल इतकी खाली नको.

पंप पाणी ओढतो म्हणजे काय, तर पाइपमधली हवा काढून टाकतो, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. हा दाब पाण्याला जास्तीत जास्त १० मीटरच्या आसपास चढवू शकतो, आणि तेही कागदावर. प्रत्यक्षात असले पंप ७ मीटरपर्यंत नीट काम देतात. तुमचं पार्किंग अर्धा मजला खोल, म्हणजे दीड-दोन मीटर. रस्त्याच्या कडेला ठेवलात तरी त्याला काही जड नाही.

आता दहा मिनिटांचं. सुरुवातीला जोरात फेकतो म्हणजे इंपेलर (पाणी फेकणारं आतलं चक्र) आणि इंजिन धडधाकट आहेत. पंप हवा घेतोय. सक्शनच्या, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपचा आणि त्याच्या टोकाच्या जाळीचा फोटो टाका. तीन इंचीचे पैसे तोवर खिशात ठेवा.

---

बत्तीगुल | बुधवार, सकाळी ७:२०

पेट्रोलची भानगडच कशाला? विजेवर चालणारा एक एचपीचा मड पंप घ्या, पाण्यात सोडा, बटण दाबा. ना धूर ना दोरी.

---

वायरमन_कोपरी | बुधवार, सकाळी ८:०५

भाऊ, तुमचं टोपणनाव तुमच्या सल्ल्याला शोभतं.

मड पंप चांगलाच, मीही वापरतो. पण धूर गेला की शॉक येतो. ठाण्यात पावसाळ्यात मला बोलावतात तेव्हा निम्म्या ठिकाणी एकच चित्र: मीटररूमच्या साध्या प्लगमधून पांढरी घरगुती एक्स्टेन्शन वायर, मधे दोन जोड, त्यावर काळी चिकटपट्टी, आणि ते जोड पाण्यात. वर म्हणतात एमसीबी आहे ना! एमसीबी वायर आणि मोटर जळू नये म्हणून असतो. माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याच्या दृष्टीने किरकोळ, तो पडतच नाही. माणसासाठी आरसीसीबी लागतो, म्हणजे करंट जरा गळला की लगेच सप्लाय तोडणारा स्विच, ३० मिलीअँपचा. त्यावर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं. तो खाली पडला पाहिजे. पडला नाही तर तो फक्त शोभेला आहे.

वायर तीन कोअरची आणि अखंड हवी. लांब न्यायची तर अडीच स्क्वेअर एमएम, नाहीतर शेवटी व्होल्टेज पडतं, मोटर गुरगुरते आणि वाइंडिंग जळतं. प्लग १६ अँपिअरचा, अर्थिंग खरोखरचं. पंप वायरला धरून उचलायचा नाही, कडीला नायलॉनची दोरी बांधायची. वायरने उचलत राहिलं की जिथे ती मोटरमध्ये शिरते तिथलं रबर ढिलं होतं आणि पाणी आत. आणि पाण्यात पाय ठेवण्याआधी पंपाचा स्विच बंद. नुसती जाळी साफ करायची असली तरी बंद.

मीटररूममध्येच पाणी शिरलं असेल तर त्यात उभं राहून मेन स्विच ओढायला जाऊ नका. १९१२ ला महावितरणला कळवा, बाहेरून सप्लाय बंद करू देत.

---

बत्तीगुल | बुधवार, सकाळी ८:३०

बरं बुवा, चुकलं. आमच्याकडचा आरसीसीबी आत्ताच दाबून आलो. पडला.

---

खालचा_मजला | बुधवार, रात्री ९:१०

वॉचमनला सकाळी नेलं होतं, डॉक्टरांनी तपासून ठीक आहे म्हटलं. दोन दिवस सुट्टी दिली आहे.

फोटो टाकले आहेत. जाळीत दुधाच्या पिशव्यांचे तुकडे, बदामाची पानं आणि कुणाची तरी राखी. ती बहुधा गेल्या वर्षीची. पाइप पंपाला जोडणाऱ्या कपलिंगजवळ बोटभर चीर सापडली. प्लंबरने तिथे सायकलची ट्यूब गुंडाळली होती, म्हणजे हे त्याला माहीत होतं!

---

गॅरेज_घणसोली | बुधवार, रात्री ९:४५

सापडलं की मग. जाळी मोकळी असताना पाणी सहज येतं, चिरेतून हवा फारशी ओढली जात नाही. दहा मिनिटांत पिशव्या जाळीला चिकटल्या की पाण्याची वाट बंद होते, ओढ तेवढीच राहते, मग पंप जिथून मिळेल तिथून ओढतो. चिरेतून हवा. हवा आली की पाणी सुटलं.

ट्यूब काढा. चिरेच्या पुढे पाइप सरळ कापा, कपलिंग परत बसवा, दोन क्लिप आवळा, एक नाही, दोन. कपलिंगच्या आतला रबरी वॉशर बघा, बहुतेक दगड झाला असेल. तो दहा-वीस रुपयांचा असतो आणि निम्मे पंप त्याच्यासाठी दुरुस्तीला येतात. सक्शनला कड्यांचा कडक पाइपच लावायचा. चपटा निळा पाइप फक्त पाणी बाहेर टाकायला. तो सक्शनला लावला तर कुल्फीच्या काडीसारखा चपटा होतो.

जाळी थेट जमिनीवर टाकू नका. भाजीवाल्याकडची प्लास्टिकची क्रेट आणा, जाळी त्यात ठेवा, भोवती जुनी मच्छरदाणी. कचरा क्रेटला अडतो, जाळीला नाही. दर १५ मिनिटांनी एकाने हाताने पुसायची. पंपाचा आवाज चढला की समजा पाणी कमी पडतंय.

आणि एक गोष्ट मनावर घ्या. पाणी सुटल्यावर तो तसाच नुसता आवाज करत किती वेळ चालला होता?

---

खालचा_मजला | बुधवार, रात्री १०:००

पाच मिनिटं असेल. कदाचित दहा. आम्ही वाट बघत होतो पुन्हा धरेल म्हणून.

---

गॅरेज_घणसोली | बुधवार, रात्री १०:२०

मग सील तपासून घ्या. इंजिनाचा दांडा जिथे पंपात शिरतो तिथे मेकॅनिकल सील असतं, दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर फिरतात. त्यांना थंड ठेवायला पाणीच असतं. पाणी नसलं की त्या मिनिटा-दोन मिनिटांत तापतात, मग तडकतात. पंपाला सेल्फ प्रायमिंग म्हणतात म्हणून लोकांना वाटतं पाणी भरायची गरज नाही. पोटात पाणी भरलेलं असेल तरच तो पाइपमधली हवा स्वतः काढतो, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे दोरीला हात लावण्याआधी वरचं बूच उघडून काठोकाठ पाणी. चालू असताना इंजिन आणि पंपाच्या मधल्या फटीतून थेंब थेंब गळत असेल तर सील गेलं.

---

दिवाळे_कोळीवाडा | गुरुवार, पहाटे ५:३५

पंप कितीही दुरुस्त करा, पाणी टाकणार कुठे हे कुणीच विचारलं नाही.

सोमवारी प्रतिपदा होती. भरतीची वेळ काढायला आम्ही तिथीची पाऊणपट करतो. एकाची पाऊणपट पाऊण, म्हणजे पावणेएकच्या आसपास भरती पूर्ण. तेही उधाणाचं, अमावस्येच्या लगतचं. बेलापूर, वाशी, नेरूळ इथल्या पावसाळी गटारांचं पाणी सिडकोने बांधलेल्या धारण तलावात जातं. तलावाच्या तोंडाला झडपा आहेत. खाडी चढली की त्या बंद होतात, म्हणजे खाडी आत येत नाही, आणि ओहोटीला उघडून तलाव रिकामा होतो. योजना चांगली होती. पण तलाव गाळाने भरलेत, कांदळवन वाढलंय, त्यामुळे पाणी साठवायला जागा कमी. भरतीच्या त्या दोन-तीन तासांत तुमच्या गटाराला बाहेर वाटच नसते. तुम्ही त्यात टाकाल ते तुमच्याच दारात परत.

म्हणून ११ ला चालू करायचा पंप तुम्ही ८ ला चालू करायला हवा होता, नाहीतर ३ ला. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, म्हणजे भरती कमी चढते, तेव्हा फारसं अडत नाही. खरी काळजी अमावस्या-पौर्णिमेला आणि पुढचे दोन-तीन दिवस. पुढचं उधाण नारळी पौर्णिमेला. आम्ही नारळ सोडू, तुम्ही पाइप जोडून ठेवा.

---

खालचा_मजला | गुरुवार, सकाळी ८:५०

काका, अठरा वर्षं इथे राहतोय, हे गणित पहिल्यांदा कळलं. मोबाइलवर भरतीची वेळ पाहिली, सोमवारची खरंच पाऊणच्या आगेमागे होती.

---

वाशी_सेक्टर | गुरुवार, सकाळी १०:१५

हे सगळं पालिकेचं काम आहे. कर भरतो ना आपण? सोसायटीने पंप का घ्यायचे?

---

दिवाळे_कोळीवाडा | गुरुवार, दुपारी १:००

तक्रार जरूर करा. पाणी तोवर थांबत नाही.

---

सिव्हिल_ताई | गुरुवार, दुपारी २:४०

दोन गोष्टी.

आधी हिशोब. पार्किंग २० मीटर बाय १५ मीटर धरा, पाणी एक फूट, म्हणजे साधारण ०.३ मीटर. झालं ९० घनमीटर, ९०,००० लिटर. दोन इंची पंप कागदावर मिनिटाला ५००-६०० लिटर फेकतो, उंची आणि पाइपची लांबी धरून ४०० धरा. पावणेचार तास लागतील, तेही नवीन पाणी येत नसेल तर. म्हणजे रॅम्पच्या तोंडावर वाळूच्या गोणींचा फूटभर बांध आधी, पंप नंतर. दुकानदाराच्या तीन इंचीने भरतीच्या वेळी तेच पाणी जास्त वेगाने गोल फिरलं असतं.

दुसरं, आणि हे खोल तळघरवाल्यांनी वाचा. तळघर छतापर्यंत भरलं असेल तर सगळं एका दमात उपसू नका. बाहेरची माती चिंब असते, तिचा दाब भिंतीवर बाहेरून असतो. आतलं पाणी त्या दाबाला तोलून धरतं. ते झटक्यात काढलं की भिंत आत फुगू शकते, फरशी वर उचलली जाऊ शकते. फूटभर उतरवा, भिंतीवर खडूने रेघ मारा, थांबा. पाणी परत रेघेवर चढलं तर जमीन अजून भरलेली आहे. भूमिगत टाकीचंही तसंच. टाकी पुराच्या पाण्याने बाटली म्हणून ऐन पावसात पूर्ण रिकामी केली आणि ती खालून उचलून तडकली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि त्या टाकीत साफसफाईला माणूस उतरवून वर तोंडाशी पेट्रोल पंप चालू ठेवायचा, हे तर विचारातही आणू नका.

---

खजिनदारबाई | गुरुवार, रात्री ८:३०

मी याच सोसायटीची. मला कुणी सांगितलं नाही की पंपरूममध्ये पेट्रोलचा पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन दोन वर्षं पडून आहे, शेजारी मोटरचा स्टार्टर! आज उचलायला लावला. यात ठिणगी पडली असती तर हिशोब कुणी द्यायचा?

आणि सर्व्हिसिंगचं बिल दाखवा म्हटलं तर सेक्रेटरीसाहेब गप्प. सर्व्हिसिंग झालंच नाही. दरवर्षी गणपतीला रोषणाईवर किती खर्च होतो ते मला तोंडपाठ आहे.

---

खालचा_मजला | गुरुवार, रात्री ८:४५

मॅडम, मीटिंगमध्ये बोलू.

---

मूळगाव_मुरबाड | गुरुवार, रात्री ९:००

😄 धागा आता घरचा झाला.

---

गॅरेज_घणसोली | गुरुवार, रात्री १०:१०

बाईंचं बरोबर आहे. पंप जुलैत बंद पडलेला दिसतो, पण त्याचं आजारपण ऑक्टोबरमध्ये सुरू झालेलं असतं. वीस वेळा दोरी ओढावी लागली ती जुन्या पेट्रोलमुळे. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं. टाकीत दोन-तीन महिने राहिलं की कार्ब्युरेटरच्या (इंजिनाला पेट्रोल-हवा मिसळून देणारा भाग) बारीक भोकात चिकट थर बसतो. म्हणून पावसाळा संपला की टाकी रिकामी करायची, मग पेट्रोलचा कॉक बंद करून, पंपाच्या पोटात पाणी ठेवून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे कार्ब्युरेटरही कोरडा. स्पार्क प्लग काढून भोकात चमचाभर इंजिन ऑइल, दोरी हळूच दोनदा ओढायची, प्लग परत.

त्याहून महत्त्वाचं तुमच्यासाठी: तुम्ही खाडीकडचं पाणी उपसता, ते खारं असू शकतं. पंपाचं अंग ॲल्युमिनियमचं. वापर झाला की त्याच दिवशी बादलीत गोडं पाणी घेऊन पाच मिनिटं तेच फिरवायचं, मग खालचं बूच काढून पोट रिकामं. हे एवढं केलं तर पंप दहा वर्षं जातो. न केल्याने दोन पावसाळ्यांत इंपेलर चाळणी झालेला मी पाहिलाय.

ऑइल दर वेळी चालू करण्याआधी बघायचं, पंप सपाट जागी ठेवून. नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल २० तासांनी बदलायचं, मग १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. तुमचं दोन वर्षांत एकदाही बदललं नसेल, रंग बघा, डांबर असेल. एअर फिल्टरचा स्पंज साबणाने धुवून वाळवा.

पेट्रोल भरताना इंजिन बंद आणि गार, दहा-पंधरा मिनिटं थांबून. हे सोसायट्यांत कुणीच पाळत नाही, कारण पाणी चढत असतं आणि वरून सगळे ओरडत असतात. म्हणून सुरुवातीलाच टाकी भरून घ्या. आणि कॅन धातूचा, झाकणाचा, पंपरूमच्या बाहेर सावलीत.

---

वायरमन_कोपरी | शुक्रवार, सकाळी ७:४०

एक राहिलं. निळ्या पाइपवरून गाडी जाऊ देऊ नका. आमच्या गल्लीत रिक्षा गेली, पाणी अडलं, झटक्याने क्लिप सुटली आणि पाइप सापासारखा उसळून एका आजोबांच्या छत्रीवर बसला. छत्री गेली, आजोबा शाबूत.

---

खालचा_मजला | दोन आठवड्यांनी, मंगळवार, रात्री १०:२०

उशिरा लिहितोय, पण कळवायचं होतं.

पाइप कापून बसवला, वॉशर बदलला. सील गळत होतं, बदललं. ऑइल खरंच डांबर होतं. गणपतीच्या वर्गणीआधी खजिनदार मॅडमनी हे बिल मंजूर करून घेतलं, त्यावर मी काही बोलत नाही.

काल नारळी पौर्णिमा, आज प्रतिपदा, भरती पावणेएकला. रात्रभर पाऊस होता. सकाळी ७ ला गोणी लावल्या, पंप रॅम्पच्या वर गेटाबाहेर, बांबू-ताडपत्रीखाली, पाइप आत क्रेटमध्ये. तिसऱ्या दोरीला चालू झाला. साडेअकरापर्यंत पार्किंग जवळजवळ कोरडं, मग बंद करून गोणींवर आणखी एक थर दिला. पाऊण ते दोन रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं, आत ओघळ आले पण घोट्याच्या खालीच राहिले. साडेतीनला पुन्हा तासभर चालवला. मग गोड्या पाण्याने धुतला.

वॉचमनने गेटाच्या आतल्या बाजूला खडूने रोजची तिथी लिहायला सुरुवात केली आहे, शेजारी पाऊणपट करून वेळ. अष्टमीला सहा लिहिले होते, खाली कुणीतरी पोराने "बरोबर ✓" करून ठेवलंय.

---

दिवाळे_कोळीवाडा | बुधवार, पहाटे ५:१०

आज द्वितीया. दीड वाजता. पाइप काढू नका अजून.